विस्तव मागणाऱ्या एस्तेरबाई

परवा वरवंडचे एक ओळखीचे शेतकरी दौंडला आले होते, ते घरी पिशवीभर हुरडा देऊन गेले. सूनबाईने तो गॅसवर, तव्यात परतून दिला. चव तीच होती, पण त्याला धुराचा वास नव्हता. मी खिडकीपाशी शाल गुंडाळून बसलो होतो. एकेक दाणा तोंडात टाकत होतो आणि धुराची वाट पाहत होतो. शाळू कणसात भरला की भीमेच्या काठाला एक वास सुटतो. ओल्या काळ्या मातीचा, कडब्याचा आणि पहाटे पेटवलेल्या शेणकुटांचा. तो वास आला की मला आजही वाटतं, आता अंगणात आप्पांची बैलगाडी येऊन उभी राहील आणि एस्तेरबाई ओरडतील, "मास्तर, काचा कुठं ठिवल्या?"

त्याच दिवशी शिरूरच्या मंडळीतून, म्हणजे तिथल्या चर्चकडून, एक पत्र आलं. 'गावोगावी जाताना' ही माझी जुनी पुस्तिका पुन्हा छापायची ठरली आहे. नवीन सेवकांना अजूनही ती उपयोगी पडते, असं तरुण पाळकांनी लिहिलं होतं. मी दोन शब्द लिहून द्यावेत आणि एक फोटो पाठवावा, अशी विनंती होती.

ती पुस्तिका अगदी लहान आहे, खिशात मावेल एवढी. दौऱ्यावर निघणाऱ्या मिशनच्या माणसाने बरोबर काय न्यावं, तंबू कुठे ठोकावा, गावात शिरल्यावर पहिल्यांदा काय करावं, औषधाची पेटी कधी उघडावी, अशा सूचना तिच्यात आहेत. वरच्या पानावर माझं नाव आहे. अनेक वर्षं लोक मला त्या पुस्तिकेवरून ओळखत आले. तिच्यातलं अक्षर माझं होतं. बाकी त्यातलं काहीही माझं नव्हतं. हे लिहायला मला ऐंशी ओलांडावी लागली.

पन्नासच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. दिवाळी होऊन शाळूच्या पेरण्या आटोपल्या की शिरूरच्या मिशनच्या आवारात दौऱ्याची तयारी सुरू व्हायची. वर्षभर माळ्यावर पडलेला तंबू खाली काढून उन्हात पसरायचा. त्याच्या घड्यांतून हटकून एखादा विंचू निघायचा, आणि आप्पा गाडीवान म्हणायचे, "पहिला ख्रिस्ती ह्योच. आपल्या आधी तंबूत जाऊन बसला." आप्पा आमच्या धर्माचे नव्हते. न्हावऱ्याकडचे माळकरी मराठा गडी. पण दर हिवाळ्याला आपली बैलजोडी घेऊन मिशनच्या दौऱ्यावर यायचेच. भजनाला बसायचे, टाळ धरायचे आणि प्रार्थना सुरू झाली की बैलांना पाणी दाखवायला उठायचे.

गाडीत काय काय असायचं! तंबू, मेखा, पायाने वाजवायची पेटी, चित्रांची एक मोठी कापडी गुंडाळी, शुभवर्तमानाच्या छोट्या प्रतींचा गठ्ठा, औषधांची पत्र्याची पेटी. त्या पेटीत कुनैन, खरजेचं पिवळं मलम, आयोडीन आणि डोळ्यांत घालायचं औषध. आणि सगळ्यात नाजूक म्हणजे पडद्यावर चित्रं दाखवायचा कंदील आणि त्याच्या चित्रांच्या काचा. त्या काचा पहिल्या वर्षी मी वर्तमानपत्रात गुंडाळल्या होत्या. न्हावऱ्याच्या चढापर्यंत तीन फुटल्या. तेव्हापासून हे काम एस्तेरबाईंनी स्वतःकडे घेतलं. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत एकेक काच गुंडाळून त्या बाजरीच्या पोत्यात खोचायच्या. काचा शाबूत राहायच्या आणि वाटेत जेवणाचीही सोय व्हायची. फक्त दौरा जसजसा पुढे जाई तसतशी बाजरी कमी होई, मग काचांभोवती भुसा भरावा लागे. "चित्रं भुशात आन् बाजरी पोटात," असं आप्पा म्हणायचे.

एस्तेरबाई आमच्या बायबलबाई होत्या. घरोघर जाऊन बायकांशी बोलायचं, त्यांना वाचून दाखवायचं, हे त्यांचं काम. वय चाळिशीच्या पुढे, विधवा. सुशीला नावाची एक मुलगी, ती मिशनच्या बोर्डिंगात शिकत होती. रंगाने सावळ्या, चालायला वाऱ्यासारख्या. कासोटा घालून शेताच्या बांधाबांधाने निघाल्या की मी धापा टाकत मागे. त्यांना वाचता यायचं, बोट ठेवून, शब्द जोडत. लिहिणं मात्र सहीपुरतं. मी त्या वेळी चोवीस वर्षांचा, नुकताच नेमलेला उपदेशक. लहानपणापासून मिशनच्या आवारातच वाढलेला. मला श्लोक पाठ होते, गाणी पाठ होती, भूगोलातल्या नद्या पाठ होत्या. गाव मात्र ठाऊक नव्हतं.

ते न ठाऊक असणं पहिल्याच आठवड्यात उघडं पडलं. भीमेच्या अलीकडे एका गावात आम्ही सकाळी सकाळी तंबू ठोकला. मी इस्त्रीचा पायजमा घालून, हातात प्रती घेऊन एका चांगल्या घरासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, जरा पाणी मिळेल का प्यायला?"

मला वाटत होतं, ओळख काढायला पाण्यासारखं साधं निमित्त दुसरं नाही. त्या बाई तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि उंबऱ्यावरच थांबल्या.

"कोनाचं तुम्ही?"

"मिशनचे," मी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

त्यांचा चेहरा कसनुसा झाला. त्या वाईट नव्हत्या. आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या आणि मान खाली घालून वरून, लांबून पाणी ओतू लागल्या. मी ओंजळ धरली. निम्मं पाणी पायजम्यावर सांडलं. ओतणाऱ्या बाईही लाजल्या होत्या आणि पिणारा मीही. त्या गल्लीतलं एकही माणूस तीन दिवस आमच्या तंबूकडे फिरकलं नाही.

एस्तेरबाईंनी ओला पायजमा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"मास्तर, पाणी कशापायी मागितलं?"

"तहान लागली होती."

"तहान गिळायची. पाणी मागितलं की माणसाला जात आठवती. तुमची बी आन् त्याची बी. मग दोघांबी तिथंच अडकत्यात. विस्तव मागायचा."

"विस्तव?"

"व्हय. विस्तवाला इटाळ न्हाई. कुनाच्या बी चुलीतला कुनी बी न्यावा. देनारा खापरावर टाकतो, आपून घेतो. कुनाला मान खाली घालाया लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला लांब उभं करून एका घराशी गेल्या. हातात मडक्याचं फुटकं खापर, त्यात चिमूटभर राख. "काकी, वाईच विस्तव द्या वो. चूल पेटायची हाय." आतून हसरं उत्तर आलं, निखारे आले आणि निखाऱ्यांमागून शब्द. कुठल्या तुम्ही, किती दिवस मुक्काम, लेकरं किती. काकींच्या नातवाचे डोळे चिकटलेले होते, ते एस्तेरबाईंनी त्या वेळी पाहिलं पण बोलल्या काहीच नाहीत. फक्त विस्तव घेऊन आल्या.

त्यांच्या कनवटीला काड्यापेटी होती. मी पाहिली होती.

"हे खोटं नाही का?" मी उपदेशकाच्या सुरात विचारलं.

"चूल पेटायची हाय असंच म्हनले ना? मग कुठं पेटलीय? मी अजून काडी वढलीच न्हाई!" त्या एवढ्या हसल्या की खापरातली राख उडाली. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "मास्तर, आपून गावात आलो की द्यायचीच घाई. औषध घ्या, पुस्तक घ्या, देव घ्या. असं हात पुढं करून येनाऱ्या मानसाची भीती वाटती. आधी आपून त्यांच्याकडनं काय तरी घ्यावं. मग ते आपलं घेत्यात."

दिवेलागणीला मात्र विस्तव मागायचा नाही, त्या वेळी लक्ष्मी घरातून जाते असं लोक मानतात, हेही त्यांनीच सांगितलं. दुसऱ्याची समजूत ही आपली नसली तरी तिच्यावर पाय द्यायचा नाही, एवढं त्या पाळायच्या.

तो हिवाळा मला असा आठवतो. सकाळी दहिवरात भिजलेला तंबू, त्याच्या दोऱ्यांवर टपोरे थेंब. खळ्यावर पात धरलेली, बैल गोल गोल फिरताहेत. आप्पा कुणाच्या तरी आगटीशी उकिडवे बसून हुरडा चोळताहेत आणि आम्हाला खुणावताहेत. एस्तेरबाईंच्या लुगड्याला सदा धुराचा वास. तंबू नेहमी खळ्याच्या अंगाला ठोकायचा, कारण सुगीत गाव देवळापाशी नाही, खळ्यावर भेटतं. आजारी माणूस असेल त्या घरात लगेच औषधाची पेटी न्यायची नाही, नुसतं बसायचं. शेतकऱ्याशी बोलताना आधी बैलाची चौकशी, मग मुलाची, मग त्याची. असं कितीतरी. त्या सांगत जायच्या आणि मी ऐकत जायचो.

चित्रांच्या खेळाचा पडदा लावायचीही त्यांची पद्धत होती. पडदा भिंतीला लावायचा नाही, दोन बांबूंच्या मध्ये लावायचा. पुढे पुरुष बसायचे. बायका पुरुषांत येऊन बसायच्या नाहीत, मग त्या पडद्याच्या मागे बसायच्या आणि त्यांना तीच चित्रं उलटी दिसायची. पुढे मी सांगायचो, मागे एस्तेरबाई. एकदा वरवंडला पडद्यामागून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "बाई, तुमचा देव डावखुरा हाय का वो?" पुरुषांत हशा पिकला. माझं बोलणंच तुटलं. एस्तेरबाई शांतपणे म्हणाल्या, "व्हय आजी. बायांच्या बाजूनं बघितला की तसाच दिसतो." मग दोन्हीकडून जे हसू उसळलं, ते मी पुढे कुठल्याच सभेत ऐकलं नाही.

आमच्या दौऱ्याची देखरेख करणाऱ्या परदेशी मिससाहेब होत्या. त्या पुस्तकी, शुद्ध मराठी बोलायच्या. आप्पांना "आपण बैलांस चारा घातला काय?" असं विचारायच्या, आणि आप्पा दचकून उभे राहायचे. मनाने फार चांगल्या. त्या वर्षी त्यांनी सगळ्या तुकड्यांना सांगितलं होतं की दौऱ्यातले उपयोगी अनुभव लिहून आणा. त्यातून नव्या सेवकांसाठी पुस्तिका करायची होती. ज्याचं लिखाण उत्तम ठरेल त्याला वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी पाठवणार होते, आणि परत आल्यावर कामासाठी नवी सायकल. त्या काळी आमच्यासारख्यांना अशी संधी एकदाच यायची.

दुपारी तंबूत एस्तेरबाई सुपात बाजरी निवडत बसायच्या आणि बोलायच्या. मी शाळेच्या वहीत लिहून घ्यायचो.

"ल्ह्या मास्तर. तुमचं अक्षर मोत्यावानी. माझ्या बोलन्याला जरा बरे कपडे घाला."

मी घातले. 'विस्तव मागायचा'चं 'प्रथम विस्तव मागावा' केलं. तेवढंच माझं काम.

माघात शिरूरच्या आवारात लिंबाखाली सगळ्या तुकड्यांची सभा भरली. उपदेशक बाकांवर, बायबलबाई मागे सतरंजीवर. मिससाहेबांनी माझी वही हातात घेतली आणि ते पहिलंच वाक्य मोठ्याने वाचलं. चष्मा काढला. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितले नाही. हे आपणांस कसे सुचले?"

एस्तेरबाई माझ्या मागे दहा पावलांवर बसल्या होत्या. मला फक्त मान वळवायची होती. मी मान वळवली नाही.

"अनुभवाने," मी म्हणालो.

शब्द एकच, आणि तो धड खोटाही नव्हता. अनुभव होताच, फक्त दुसऱ्याचा. टाळ्या वाजल्या. मागून बांगड्यांचा आवाज आला, म्हणजे सतरंजीवरूनही वाजल्या. पुढे अनेक वर्षं मी स्वतःची समजूत घालत राहिलो की तेव्हा रीतच तशी होती. अहवाल उपदेशकाने लिहायचा आणि शेवटच्या ओळीत 'बायबलबाईंचेही सहकार्य लाभले' असं घालायचं. रीत होती हे खरं. पण मिससाहेबांनी रीत विचारली नव्हती. त्यांनी सरळ प्रश्न विचारला होता आणि खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. प्रशिक्षण मला हवं होतं. त्या जागेवर बायबलबाईला पाठवलं असतं का, मला ठाऊक नाही. ते कळायची वेळच मी येऊ दिली नाही.

मी वर्षभर शिकून आलो. सायकल मिळाली. पुस्तिका छापून आली, तिची एक प्रत घेऊन मी सायकलवरून एस्तेरबाईंच्या खोलीवर गेलो. त्यांनी हात पुसून ती घेतली, कव्हरावरून तळवा फिरवला. "कागद ग्वाड हाय," म्हणाल्या. दोन दिवसांनी पुन्हा भेटल्या तेव्हा त्यांनी ती बोट ठेवून सबंध वाचली होती.

"चांगलं झालं, मास्तर. पर एक राहिलं."

"काय?"

"विस्तव आनला की दुसऱ्या दिशी त्या घरी परत जायचं. 'काकी, तुमच्या विस्तवानं भाकरी झाली' एवढं सांगून यायचं. ते ल्ह्यालं न्हाई तुम्ही. परत गेलं न्हाई तर मग ती चोरीच की."

मी हसलो. पुढच्या आवृत्तीत घालतो, असं म्हणालो आणि सायकलवर टांग टाकली.

त्या मला टोचून बोलल्या की खरोखरच एक सूचना राहिली होती म्हणून बोलल्या, हे मला आजवर उमगलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. टोचलं ते आप्पांनी, पुढच्या हिवाळ्यात. भीमेच्या उतारावर, गुडघाभर पाण्यातून गाडी काढताना ते मागे न बघता म्हणाले, "पोरानं तुमचं पुस्तक वाचून दावलं, मास्तर. समदं बाईंचं बोलनं हाय. आन् बाईच कुठं न्हाई." मी म्हणालो, छापताना गाळलं गेलं असेल. आप्पांनी बैलांना हाक मारली आणि गाडी पलीकडच्या काठाला काढली.

पुढे माझी बदली दौंडला झाली. दौरे हळूहळू बंद पडले. मिससाहेब त्यांच्या देशी गेल्या, तंबू कसरीने खाल्ला. एस्तेरबाई वारल्या तेव्हा मी शिरूरला गेलो होतो. गाणं माझ्या आवाजात झालं. चार शब्द बोला म्हणाले, तर घसा बसलाय असं सांगितलं.

आणि आता हे पत्र. पुढची आवृत्ती.

हुरडा खाऊन हात झटकले आणि दुसऱ्याच दिवशी एसटीत बसलो. मुलगा नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता ऊस. शाळूचं रान अधेमधेच, एखाद्या विसरलेल्या माणसासारखं. शिरूरला चर्चच्या पाहुण्यांच्या खोलीत पिशवी ठेवली आणि मागच्या गल्लीत गेलो. एस्तेरबाईंची सुशीला तिथे राहते. शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त होऊनही तिला बरीच वर्षं झाली. दार अर्धं उघडं होतं. बसमधून येताना मी जुळवलेलं सगळं बोलणं उंबऱ्यापाशी विसरलो. तोंडातून निघालं ते असं:

"बाई, वाईच विस्तव मिळंल का?"

आतून सुशीला आली. डोळे बारीक करून तिने मला पाहिलं.

"भास्करमास्तर? सलाम. या. आता कसला विस्तव, गॅस आहे. लायटर देऊ?" ती हसली. आईसारखीच, मान मागे टाकून. "आईचं वाक्य आहे हे. तुम्हाला बरं आठवलं."

"आईचंच आहे," मी म्हणालो. "सगळंच आईचं आहे. तेच सांगायला आलोय."

मी खुर्चीत बसून सगळं सांगितलं. वही, लिंबाखालची सभा, तो एक शब्द, न वळवलेली मान. नव्या आवृत्तीवर एस्तेरबाईंचं नाव येईल, राहिलेली सूचना तिच्यात येईल आणि 'दोन शब्द' म्हणून मी हीच हकीकत लिहीन, तुझी हरकत नसेल तर, असंही म्हणालो. ती ऐकत होती. मधे एकदा उठून तिने उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद केला.

"आई कधी काही बोलली नाही," ती म्हणाली. "पण ती त्यानंतर वीस-बावीस हिवाळे पायी हिंडली, मास्तर. शेवटी शेवटी टाचा अशा फुटायच्या की मी रात्री मेण लावायचे. सायकलचा आवाज आला की म्हणायची, मास्तर आले वाटतं. कौतुकाने म्हणायची." ती चहा टाकायला उठली. "तिला सायकल नसती आली चालवता. पण कुणी विचारलं असतं ना एकदा."

तिने चहा आणून पुढ्यात ठेवला. तो मी तिच्यासमोर बसून प्यायलो.

"नाव घाला तिचं," ती म्हणाली. "फोटो शोधते. मिससाहेबांनी काढलेला एक आहे, तंबूपुढचा. पण आज नाही. आज मला तुमचा राग आलाय. उद्या या परत."

"उद्या?"

"उद्या. आईने शिकवलंय ना तुम्हाला?"

पाहुण्यांच्या खोलीत झोप नीट लागली नाही. सकाळी चांगलीच थंडी होती. कुणीतरी अंगणात पाणी तापवायला काटक्या पेटवल्या होत्या आणि गल्लीभर धूर पसरला होता. मी शाल ओढून घेतली आणि परत गेलो.